खुबा बदलल्यावर पुन्हा सुरू झालेले दुखणे : पेल्व्हिसमधील न दिसणारे फ्रॅक्चर कसे शोधावे आणि कसे सांभाळावे

खुब्याचा सांधा बदलण्याचे ऑपरेशन झाले, टाके सुकले, पहिले काही आठवडे चांगले गेले, वॉकर सुटला, काठीही कोपऱ्यात गेली, आणि मग हळूहळू जांघेत किंवा कुल्ल्यात पुन्हा दुखू लागले. एक्स-रे काढला तर सांधा जागेवर आणि पक्का आहे असे सांगितले जाते. घरी मात्र माणूस चार पावले टाकली की थांबतो आणि कूस बदलताना कण्हतो. अशा वेळी दोन टोकाच्या गोष्टी घडताना दिसतात. एक तर ‘मनाचे आहे, व्यायाम वाढवा’ म्हणून रुग्णाला जबरदस्तीने चालवले जाते, नाहीतर सांधाच बिघडला असे समजून दुसऱ्या ऑपरेशनची चौकशी सुरू होते. दोन्हींच्या आधी एक शक्यता तपासायला हवी. ती म्हणजे ज्या हाडांच्या कड्यात हा सांधा बसवलेला असतो त्या पेल्व्हिसमध्ये ताणामुळे बारीक चीर पडली आहे का. सांधा ठीक आहे एवढ्यावर शोध थांबता कामा नये, कारण सांध्याभोवतीचे हाड अजून पाहायचे राहिलेले असते.

हे फ्रॅक्चर का होते

ताणाचे फ्रॅक्चर दोन प्रकारचे असते. हाड निरोगी पण भार अतोनात, हा पहिला प्रकार धावपटू आणि नव्या सैनिकांमध्ये दिसतो. हाड विरळ आणि भार रोजचाच, हा दुसरा प्रकार. खुबा बदललेल्या वयस्क रुग्णांत बहुतेक वेळा तोच असतो. पडल्याची, मार लागल्याची आठवण नसते, म्हणून घरातल्या कोणाच्या मनात फ्रॅक्चरचा विचारही येत नाही.

यामागची साखळी अशी असते. ऑपरेशनच्या आधी काही वर्षे रुग्ण दुखऱ्या पायावर कमी भार देत असतो, घरातच वावरतो, आणि न वापरल्यामुळे त्या बाजूचे हाड विरळ होत जाते. ऑपरेशननंतर सांध्याचे दुखणे एकदम जाते आणि माणसाला पाय मोकळा झाल्यासारखे वाटते. स्नायू आणि सांधा काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, पण विरळ झालेले हाड भरून यायला कितीतरी अधिक काळ लागतो. आपल्याकडे खानदेशात नेमक्या याच काळात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी घरी येतात, श्रावणात कानबाईच्या सणाची तयारी निघते, कापूस वेचणीला माणसे कमी पडतात, आणि आतापर्यंत बसून असलेली घरातली बाई उत्साहाने उभी राहते. वाढलेले चालणे, मांडीच्या आतल्या स्नायूंची जघनाच्या (ओटीपोटाखाली पुढे असलेल्या) हाडावरची ओढ, बदललेली चाल आणि कधी दोन्ही पायांच्या लांबीतला फरक, हे सगळे मिळून हाडाला रोज थोडे थोडे थकवते. फ्रॅक्चर ऑपरेशननंतर काही आठवड्यांत होऊ शकते, तसेच काही वर्षांनीही होऊ शकते.

धोका अधिक कोणाला, हे आधी ओळखता येते. पाळी गेलेल्या स्त्रिया, संधिवाताचे रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले, ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असलेले, मूत्रपिंडाचे जुने आजारी, आणि गर्भाशयमुखाच्या किंवा ओटीपोटातल्या इतर कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेले रुग्ण यांच्याबाबत संशय लवकर यायला हवा. स्टेरॉइडबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. अंगदुखीवर आठवडी बाजाराच्या गावी मिळणाऱ्या पांढऱ्या पुड्यांमध्ये आणि काही ‘गुडघेदुखीच्या खात्रीशीर’ गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. अशी काही औषधे घेतली असतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो लहान वयातच खचतो आणि तरुणांनाही सांधा बदलावा लागतो. अशा रुग्णाचे दुखणे सिकलसेलची कळ आहे, जंतुसंसर्ग आहे की फ्रॅक्चर आहे, हे तपासण्यांशिवाय ठरवू नये. वय लहान आहे म्हणून हाड मजबूत असेलच असेही गृहीत धरू नये.

पहिले काम : दुखण्याची नीट नोंद

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर हे लिहावे : ऑपरेशनची तारीख, त्यानंतर दुखणे पूर्ण गेले होते का आणि किती दिवस, पुन्हा कधी सुरू झाले, त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत चालणे किंवा काम वाढले होते का, दुखते नेमके कुठे आणि कशाने वाढते. मध्ये बरे वाटण्याचा काळ होता की नव्हता, ही नोंद सर्वांत मोलाची असते. बरे वाटून पुन्हा दुखू लागणे आणि पहिल्या दिवसापासून कधीच बरे न वाटणे, यांची कारणे सहसा वेगळी असतात. पहिल्या दिवसापासून दुखत असेल तर कृत्रिम सांध्याची वाटी (पेल्व्हिसमध्ये बसवलेला भाग) घट्ट ठोकून बसवताना तिच्याभोवतीच्या हाडाला गेलेला बारीक तडा हेही एक कारण असू शकते. तो साध्या एक्स-रेत सुटतो आणि सीटी स्कॅनमध्ये सापडतो.

जागा दाखवताना रुग्णाला शब्दांपेक्षा बोटाने दाखवू द्यावे. ‘जांगमा कळ येस’ (जांघेत कळ येते) एवढे सांगून वयस्क बाया थांबतात, आणि लाजेमुळे जघनाच्या हाडाकडे बोट नेत नाहीत. सोबतच्या सून-लेकीने आधीच विचारून घेतले तर तपासणीत वेळ वाचतो. जघनाच्या हाडाला चीर असेल तर जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला दुखते. सॅक्रमला, म्हणजे कमरेच्या मणक्यांखालच्या त्रिकोणी हाडाला चीर असेल तर कुल्ल्यात आणि कमरेच्या तळाशी दुखते, आणि ते मणक्याचे दुखणे समजून त्यावरच महिनोन्‌महिने उपचार होत राहतात. सांध्याच्या वाटीभोवती चीर असेल तर खोल जांघेत दुखते आणि ते सांधा ढिला झाल्यासारखेच भासते.

आणखी एक पाहावे. खाटेवर उताणे झोपून रुग्णाने गुडघा न वाकवता टाच हलकेच उचलण्याचा प्रयत्न करावा. जांघेत तीव्र कळ येऊन पाय उचलतच नसेल, कूस बदलताना दुखत असेल, उभे राहून भार दिला की वाढत असेल आणि आडवे पडून राहिल्यावर बऱ्यापैकी थांबत असेल, तर पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरचा संशय बळावतो. याने निदान पक्के होत नाही, कारण सांधा ढिला असला तरीही भार दिल्यावर दुखते. पण पुढच्या तपासण्या कोणत्या दिशेने मागायच्या ते कळते.

तपासणी होईपर्यंत भार कमी करा

संशय आला त्याच दिवशी वॉकर पुन्हा काढावा. यासाठी निदानाची वाट पाहू नये. वॉकरची उंची अशी असावी की हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी येईल आणि पकडल्यावर कोपर किंचित वाकेल. शेजाऱ्याकडून आणलेला वॉकर बहुधा कोणाच्या तरी वेगळ्या उंचीला लावलेला असतो, म्हणून त्याची बटणे दाबून चारही पाय सारख्या भोकात बसवून घ्यावेत. जिने चढणे, मोटारसायकलवर एका बाजूला बसून प्रवास, पाण्याची कळशी उचलणे आणि ताणाचे व्यायाम थांबवावेत. तेल लावून चोळणे किंवा ओढून बसवणे अजिबात नको. हाडवैद्यावर श्रद्धा असणाऱ्या घरांतही ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण इथे निखळलेले काही नाही आणि ओढल्याने चीर वाढू शकते.

मात्र पुढील लक्षणे असतील तर घरी थांबू नये : ताप किंवा थंडी वाजणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणे, पायावर भार देणे एकदम अशक्य होणे, पोटरी सुजून दुखणे, दम लागणे किंवा छातीत दुखणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा. यांची कारणे वेगवेगळी आहेत, पण त्यातले प्रत्येक तातडीचे आहे.

एक्स-रे : काय मागावे आणि काय पाहावे

फक्त एका खुब्याचा एक्स-रे इथे पुरत नाही. दोन्ही बाजू आणि सॅक्रमसह संपूर्ण पेल्व्हिसचा समोरून काढलेला एक्स-रे हवा. त्याच्या जोडीला वरून आणि खालून तिरपे घेतलेले, ज्यांना इनलेट आणि आउटलेट म्हणतात ते, आणि वाटीभोवती संशय असेल तर जुडे (Judet) पद्धतीचे तिरपे एक्स-रे उपयोगी पडतात. ऑपरेशनच्या लगेच नंतरची फिल्म सोबत न्यावी. वाटी सरकली आहे का, मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याभोवती काळी रेषा आली आहे का, जघनाच्या फांदीवर नवा ढगाळपणा दिसतो का, हे जुन्या फिल्मशी तुलना केल्याशिवाय कळणे अवघड असते. अनेक घरांत ही फिल्म ट्रंकेत घडी घालून ठेवलेली असते किंवा मोबाइलवर चमकणाऱ्या ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोपुरती उरते. ती सपाट ठेवावी आणि मूळ सीडी असेल तर तीच न्यावी.

सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसणे हे या फ्रॅक्चरमध्ये नेहमीचेच आहे. चीर केसाएवढी असते, विरळ हाडात ती उठून दिसत नाही, आणि सॅक्रमवर आतड्यातल्या वायूची सावली पडते. हाड जुळू लागून नव्या हाडाची गाठ तयार झाली की दोन-तीन आठवड्यांनंतर ती दिसू लागते. म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ असला आणि दुखणे कायम असले तर पुन्हा काढायचा, किंवा थेट पुढच्या तपासणीकडे जायचे. ‘एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड नॉर्मल’ हा समज या आजारात रुग्णाचे सर्वांत जास्त नुकसान करतो.

एका ठिकाणी चीर सापडली तरी शोध पूर्ण करावा. पेल्व्हिस हे कडे आहे, आणि काचेची बांगडी तडकली की सहसा एकाच जागी तडकत नाही. तसेच पुढे जघनाच्या हाडाला फ्रॅक्चर सापडले तर मागे सॅक्रमलाही असण्याची शक्यता बरीच असते. मागची चीर सुटली तर बरे होण्याचा अंदाज चुकतो.

सीटी की एमआरआय

एमआरआय या फ्रॅक्चरसाठी सर्वांत संवेदनशील आहे, कारण चीर उघडी पडण्याआधीच हाडाच्या मगजातली सूज त्यात दिसते. ‘आत लोखंड आहे, एमआरआय चालणार नाही’ असे अनेकांना वाटते. आजच्या कृत्रिम सांध्यांतला धातू मुख्यत्वे टायटॅनियम किंवा कोबाल्ट-क्रोमचा असतो, आणि बहुतेक रुग्णांचा एमआरआय सुरक्षितपणे करता येतो. तरीही इम्प्लांटचे कार्ड किंवा डिस्चार्ज कार्ड केंद्रावर दाखवावे, आणि पेसमेकर किंवा शरीरात दुसरे काही उपकरण असेल तर आधी सांगावे. धातूमुळे सांध्याच्या अगदी जवळचे चित्र फाटते, म्हणून वेळ ठरवतानाच धातूची सावली कमी करणाऱ्या पद्धतीने करायचे आहे असे कळवावे. अशा कामासाठी 1.5 टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्र 3 टेस्लापेक्षा सहसा बरे पडते. जघनाचे हाड आणि सॅक्रम धातूपासून दूर असल्याने ते बऱ्यापैकी स्पष्ट येतात.

सीटी स्कॅनमध्ये चीर, तिची दिशा आणि ती किती जुळली हे नेमके दिसते, आणि वाटीभोवतीच्या हाडासाठी मला तो अधिक कामाचा वाटतो. बोन स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेले हाडांचे चित्र) सगळीकडे होत नाही. शिवाय नव्या सांध्याभोवती तो पुष्कळ महिने उजळलेलाच राहतो. सॅक्रमच्या दोन्ही बाजूंच्या चिरा त्यात इंग्रजी एच अक्षरासारख्या दिसतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

रिपोर्ट वाचताना एका गोष्टीची तयारी असावी. मगजातली सूज कधी कधी कर्करोगाच्या गाठीसारखी दिसते आणि रिपोर्टमध्ये तसा शब्द लिहून येतो. पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णाच्या घरी त्या एका ओळीने जेवण थांबते. बायोप्सीची घाई करण्याआधी सीटीवर फ्रॅक्चरची रेषा दिसते का, हे हाडांच्या तज्ज्ञाला आणि रेडिओलॉजिस्टला एकत्र पाहायला सांगावे. उलट बाजूने, कर्करोगाचा इतिहास असेल तर तो लपवूही नये, कारण काही वेळा शंका खरीही असते.

तपासणीसाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नवापूर-नंदुरबारकडून सुरत गाठण्याआधी धुळे, जळगाव आणि नंदुरबार इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागांत विचारावे. सरकारी योजनेत काय बसते ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्यावे. एवढा प्रवास करावाच लागला तर एसटीच्या मागच्या बाकावर बसवू नये. दुखऱ्या पेल्व्हिसला रस्त्याचा प्रत्येक धक्का लागतो.

रक्ताच्या तपासण्या आणि डेक्सा

जंतुसंसर्ग नाही याची खात्री केल्याशिवाय फ्रॅक्चर हेच एकमेव कारण मानू नये. त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतात. ऑपरेशननंतर सीआरपी काही आठवड्यांत खाली येतो, ईएसआरला अधिक वेळ लागतो. खाली आलेला सीआरपी पुन्हा चढला तर सांध्यातले पाणी काढून तपासावे लागू शकते. हाडासाठी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड व पॅराथायरॉइडच्या तपासण्या कराव्यात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर हाडे मऊ पडण्याचा आजार असू शकतो, आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीत बदललेल्या खुब्याचे माप घेता येत नाही. दुसरा खुबा, कंबर आणि लागल्यास मनगटाजवळचे हाड मोजायचे असते. टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ होण्याचा आजार) ठरतो. पण न पडता पेल्व्हिस मोडले असेल तर आकडा त्याहून बरा असला तरी हाड कमजोर आहे असेच समजून उपचार ठरवावेत.

निदान झाल्यावरचे आठवडे

बहुसंख्य रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे होतात. साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, सॅक्रमला कधी त्याहून जास्त. या काळात अंथरुणाला खिळवून ठेवू नये. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीचा संसर्ग, पाठीला जखमा आणि स्नायूंची झीज हे सारे येते, आणि हाड आणखी विरळ होते. दुखणे सहन होईल इतका भार वॉकरवर हात टेकून द्यायचा आणि घरातल्या घरात दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालायचे. घोटे वरखाली करणे, मांडीचे स्नायू आवळून सोडणे, दीर्घ श्वास हे व्यायाम चालू ठेवावेत. मांडी जवळ आणण्याचे जोराचे व्यायाम आणि रबरी पट्ट्याचे व्यायाम डॉक्टर सांगेपर्यंत बंद. वाटीभोवती फ्रॅक्चर असेल तर भार किती द्यायचा हे शल्यचिकित्सकाने ठरवावे. तिथे हा सर्वसाधारण नियम लावू नये.

खाटेवरून उठवण्याची रीत घरच्यांनी शिकून घ्यावी, कारण दिवसातले सर्वाधिक दुखणे याच क्षणी असते. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर आणावे, मग पाय खाटेखाली सोडत असताना रुग्णाने हातांनी धड वर उचलावे. काखेत हात घालून ओढू नये. खाट सैल विणीची असेल तर त्यावर फळी आणि गादी टाकावी. जमिनीवर बसणे, मांडी घालणे आणि उकिडवे बसणे सांध्यासाठी आधीपासूनच टाळायचे असते. आता कमोड खुर्ची पुन्हा आणावी. दोन पायऱ्यांचा ओटा उतरताना आधी दुखरा पाय, चढताना आधी चांगला पाय.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल हे पहिले औषध आहे. वयस्क माणसाने दिवसाला 3 ग्रॅमच्या आत राहावे. दाह कमी करणाऱ्या गोळ्या दुकानातून आपणच आणून घेऊ नयेत. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांकडे जातो, अंगातले पाणी कमी होते, आणि अशा वेळी या गोळ्या मूत्रपिंडाला अधिक धोकादायक ठरतात.

हाड भरून येण्यासाठी

दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मोठा पेलाभर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम मिळते, 100 ग्रॅम नागलीतून (नाचणीतून) साधारण 350. ज्वारी-बाजरीच्या किंवा कळण्याच्या भाकरीसोबत आठवड्यातून काही दिवस नागलीची भाकरी, रोज दही-ताक, तीळ आणि शेवग्याचा पाला घेतला तर गोळीची गरज कमी होते. डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिनेही भरपूर हवीत. आजारी माणसाला नुसती पातळ खिचडी देत राहिल्याने स्नायू भरत नाहीत.

ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर बहुधा 60,000 युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, सुमारे 8 आठवडे देतात. ही आठवड्याची मात्रा आहे. ती रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला गेलेले रुग्ण आढळतात, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. हिवाळ्यात दहानंतरचे थोडे ऊन हात-पाय उघडे ठेवून घ्यावे, उन्हाळ्यात मात्र वयस्कांना त्यासाठी बाहेर बसवू नये.

हाडांची मुख्य औषधे तज्ज्ञानेच निवडावीत. अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. झोलेड्रोनिक ॲसिड 5 मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेतून देतात. त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहिलेले असावे, दातांचे मोठे काम उरकलेले असावे. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर 6 महिन्यांनी असते आणि ते मध्येच सोडल्यास मणके खचू शकतात, म्हणून पुढच्या मात्रेची सोय नसेल तर सुरू करण्याआधीच बोलावे. टेरिपॅराटाइड 20 मायक्रोग्रॅम रोज पोटावर किंवा मांडीत टोचतात. ते नवे हाड तयार करते, पण हाडांना रेडिएशन झालेल्यांना किंवा हाडात कर्करोग असलेल्यांना ते देत नाहीत. त्याचे पेन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीज सतत उघडू नये, आणि बर्फाला पेन थेट चिकटू देऊ नये, कारण गोठलेले औषध निकामी होते.

काठी सोडण्याआधी, आणि दुखणे राहिलेच तर

6 आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून दुखणे आणि चित्र दोन्ही पाहावेत. दुखणे आधी कमी होते, हाड मागून जुळते. म्हणून बरे वाटले की त्याच आठवड्यात शेतात जाऊ नये. वॉकरवरून काठीवर यावे, काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी, आणि चालण्याचे अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे. पायांच्या लांबीत फरक असेल तर चपलेत टाच लावायची का हे याच वेळी विचारावे. नवीन जागी, विशेषतः दुसऱ्या बाजूला दुखू लागले तर पहिल्यासारखेच सगळे पुन्हा तपासावे.

तीन महिन्यांनंतरही दुखणे तितकेच असेल, तर सीटी करून हाड जुळले का हे पाहावे. न जुळलेल्या सॅक्रमला स्क्रूने आधार देता येतो, काही ठिकाणी त्यात सिमेंटही भरतात. वाटीभोवतीची चीर आरपार जाऊन पेल्व्हिसचा वरचा आणि खालचा भाग सुटा झाला असेल, किंवा वाटी सरकली असेल, तर दुसरे ऑपरेशन खरोखरच लागते, आणि ते नेहमी अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडेच करावे. जाताना पहिल्या ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटचे स्टिकर असलेला कागद, आतापर्यंतच्या सर्व फिल्म तारखेच्या क्रमाने आणि चालू औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत न्याव्यात. इम्प्लांटची कंपनी आणि माप माहीत नसेल तर वाटी बदलताना शल्यचिकित्सकाला योग्य अवजारे आणि जुळणारे भाग आधीच मागवून ठेवता येत नाहीत.